रोदँच्या नर्तकी अजून का दाखवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: होय, रेखाटन शिकवताना मी फ्रेंच शिल्पकार ऑग्युस्त रोदँची कंबोडियन नर्तकींची चित्रं दाखवते. त्यांत ‘वसाहतवादी नजर’ आहे, म्हणजे राज्यकर्त्या युरोपने परक्या माणसांकडे नवलाची वस्तू म्हणून पाहणं आहे, हा तुमचा आक्षेप. तो कृपया पुन्हा समजावू नका.

जुलै 1906 मध्ये कंबोडियाचे राजा सिसोवात यांच्याबरोबर आलेल्या दरबारी नर्तकी रोदँने पॅरिसमध्ये पाहिल्या, त्यांच्यामागे तो मार्सेयला गेला आणि मोजक्या दिवसांत सुमारे 150 चित्रं केली. नजर कागदावर नाही, नर्तकीवर. पेन्सिलीची भरभर रेषा, वर जलरंगाचा पातळ हात, रेषेबाहेर गेला तर गेला. यात खांद्यापासून मनगटापर्यंतचा ताण अचूक सापडतो. बोटं मात्र निसटतात. अंगठा-तर्जनी जुळवून उरलेली तीन मागे ताणायची, तर लहानपणापासून रोज बोटं वाकवावी लागतात. ख्मेर, म्हणजे कंबोडियन, नृत्याचं अर्धं बोलणं तिथेच. अंगावरच टाके घालून बसवलेला जरीचा पोशाख त्याच्याकडे ग्रीक पुतळ्याचं सैल वस्त्र होतो. चेहरे बरेचदा कोरे.

एवढं मी कबूल करते. पण रोदँपुढे बसलेल्या हानाको या जपानी अभिनेत्रीबद्दल तुम्ही कधीच विचारत नाही.

तिचं खरं नाव ओता हिसा. रोदँने तिलाही 1906 मध्ये मार्सेयलाच पाहिलं. हानाको हे नाव तिला लोई फुलर या अमेरिकन नर्तकीने दिलं, तिच्यासाठी नाटकं बसवली आणि शेवटी रंगमंचावर मरण हवंच असा आग्रह धरला. युरोपच्या प्रेक्षकाला तेच हवं होतं. रोदँला नेमका तोच मरतानाचा चेहरा भावला. डोळे तिरळे, भुवया आवळलेल्या, आणि ते धरून बसायचं. भुवयांचे स्नायू मिनिटभरात थरथरू लागतात. चेहरा ढळला की पुन्हा तोच आणायचा. असे पन्नासहून अधिक मुखवटे आणि शिरं झाली, माती, प्लास्टर, अगदी काचेच्या लगद्यातसुद्धा. ज्याला ‘जपानी वेदना’ म्हणून वाखाणलं, ती तिकीटबारीसाठी रचलेली होती. पण अभिनय तिचा होता, हेही खरंच. तिला नुसती बळी ठरवलं की तिचं कसब आपणच पुसतो.

हानाकोचे मुखवटे मी वर्गात दाखवत नाही. नर्तकींची चित्रं नेते, शेजारी ख्मेर नर्तकीच्या हाताचा मोठा फोटो लावून. ही विसंगती आहे म्हणाल, तर आहे. रोदँपुढे उभं राहायचं की नाही हे त्या कंबोडियन मुलींना कोणी विचारलं होतं का, असं मागे मीच लिहिलं होतं. त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.