पावसाळ्यातलं चांदीचं कमळ: सुकवण, भट्टी आणि पुढचं काम

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या छताला दगडी कमळ आहे, रट्टांच्या राजवटीतलं, १२०४ सालचं. त्यावरून चांदीच्या मातीत पदक करायचं कधीपासून डोक्यात होतं. मूळ कमळ निरखत उभं राहिलं तर मान अवघडते, इतकं त्यात काम आहे. मी आठ पाकळ्यांचं, एकाच थराचं घेतलं. ते आता भट्टीतून बाहेर आलंय आणि एकही सांधा उकललेला नाही. तेही ऐन पावसात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नव्याने शिकणाऱ्यांसाठी एवढंच: ही माती म्हणजे चांदीची अतिशय बारीक पूड, पाणी आणि सेंद्रिय चिकटा. जपानमध्ये निघालेली वस्तू. भाजताना चिकटा जळून जातो, चांदीचे कण न वितळताच एकमेकांना धरतात आणि हातात उरते ९९९ टंचाची चांदी.

माती लाटायला मी अजून पत्तेच वापरते. दोन्ही बाजूंना पाच-पाच पत्त्यांची थप्पी, मध्ये गोळा, वरून पीव्हीसी पाइपचा तुकडा. खाली दुधाची धुतलेली पिशवी, हाताला खोबरेल तेलाचा नुसता पुसट हात. तेल जास्त झालं तर घड्या पडतात आणि त्या घड्या भाजल्यावरही दिसतात. ॲल्युमिनियमची पट्टी किंवा फॉइल मात्र या मातीजवळ आणू नका, चांदी खराब होते.

खरी परीक्षा सुकवण्यात. उन्हाळ्यात आमच्याकडे पाकळी दुपारपर्यंत खडखडीत होते. जुलैत मीठसुद्धा बरणीत पाणी सोडतं, तिथे मातीची काय कथा! वरून कोरडी वाटते, पण पाकळी जिथे देठाला जोडली आहे तिथे ओल दडून बसते. तशीच विस्तवावर गेली की आतल्या पाण्याची वाफ होते, फोड येतो किंवा सांधाच उडतो. खानापूरकडच्या कुंभारांना हे सांगायला नको. कच्चं भांडं ओलं असताना कुणी भट्टीत लावत नाही.

मी लोखंडी तवा अगदी मंद आचेवर ठेवते, त्यावर स्टीलची जाळी आणि जाळीवर पदक. कोमट झालं की उचलून आरशावर पालथं ठेवायचं आणि लगेच बाजूला करायचं. आरशावर धुकं धरलं तर अजून पाणी आहे, परत जाळीवर. कमळाच्या मध्यावर हे धुकं फार वेळ येत राहिलं, पाकळ्यांची टोकं कधीच कोरडी झाली होती तरी. आरसा स्वच्छ राहिला की मगच कानस आणि पॉलिश पेपर. घासताना पडलेली पूड कागदावर झेलून ठेवते. पाण्यात कालवली की पुढच्या सांध्यांना तीच लावता येते. या भावात चांदी फुंकरीने उडवायची नाही.

भाजायचं दोन प्रकारे करून पाहिलं. एकाच गोळ्यातून दोन सारख्या पट्ट्या कापल्या. एक घरी अग्निविटेवर ठेवून ब्युटेनच्या टॉर्चने भाजली: आधी धूर, मग इवलीशी ज्योत, मग पांढरी फटफटीत, मग नारिंगी. वेळ मोजायची ती हा नारिंगी रंग धरल्यापासून, सुमारे दोन मिनिटं. खिडकी अर्धी लोटून घ्या, भर उजेडात रंग कळत नाही. पृष्ठभाग आरशासारखा लखलखायला लागला तर टॉर्च ताबडतोब मागे. चांदी ९६२ अंशांच्या आसपास वितळते आणि सगळं नक्षीकाम क्षणात सपाट होतं. दुसरी पट्टी टिळकवाडीतल्या मैत्रिणीच्या सिरॅमिकच्या विद्युत भट्टीत, ८७० अंशांवर दोन तास.

मग दोन्ही पकडीत धरून वाकवल्या. टॉर्चवाली थोडी वाकली आणि कडेला भेग गेली. भट्टीतली इंग्रजी यू होईपर्यंत वळली. पाकिटावर ६५० अंश, अर्धा तास लिहिलेलं असतं. तेवढ्यात चांदी होते हे खरं, पण अंगावर रोज वागवायची वस्तू असेल तर लांब भाजणीला पर्याय नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय. कानातल्यांना टॉर्च चालेल. कमळ भट्टीतच गेलं. मध्येच वीज गेली नाही हे नशीब.

बाहेर आल्यावर ते चुन्यासारखं पांढरं दिसतं. हा थर नव्हे. पृष्ठभाग खडबडीत असल्याने प्रकाश विखुरतो, म्हणून तसं दिसतं. रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशने घासलं की खालून चांदी उजळत येते.

शहापुरातल्या एका सोनारकाकांना नेऊन दाखवलं. हे निपाणीपलीकडच्या हुपरीत पैंजणांचं काम शिकलेले. पदक पालथं करून भिंगातून बराच वेळ बघत होते.

"डाख कुठं दिलीस गे?" (डाख म्हणजे सांधा जोडायला वितळवून लावतात तो धातू.)

"डाख नाहीच काका, ओल्या मातीनं चिकटवून भाजलंय."

"मग हे जोडव्याला चालायचं नाही बघ. भुसभुशीत पडतंय." त्यांनी मागच्या कडेवर कानशीचा एक हात मारला, परत भिंग लावलं. "चांदी चोख हाय की पण."

भुसभुशीतपणाचं त्यांचं बरोबर आहे. कितीही भाजा, कणांमध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात. ठोकून केलेल्या चांदीचा घट्टपणा येत नाही. शिवाय ९९९ मुळातच मऊ. म्हणून जोडवी आणि बांगड्या मी या मातीत करणार नाही.

पाकळ्यांच्या मुळाशी काळी छटा हवी होती. उकडलेलं अंडं गरम असतानाच कुस्करून पदकासोबत डब्यात झाकून ठेवलं. बलकातल्या गंधकाने रात्रीत छान काळोखी धरली. पदक अंड्याला टेकू देऊ नका, डाग पडतात. मग वरचे उंचवटे तेवढे पुसून काढले. डब्याचा वास अजून गेलेला नाही, घरच्यांची बोलणी चालू आहेत.

आता दिवाळीआधी एक अंगठी, नाजूक, अधूनमधून घालायची. माझी माती साधारण १० टक्के आटते. म्हणजे आतला व्यास १८ मिलिमीटर हवा तर ओल्या मातीत २० चा धरायचा. पण भाजताना गोलाई वाकडी होते. त्यासाठी आत अग्निरोधक गोळी ठेवून भाजायचा विचार आहे. तिच्याभोवती अंगठी आटून तेवढ्याच मापाला थांबते. गोळी मागवली आहे. कुणी रुंद पट्टीची अंगठी अशी भाजली असेल तर पट्टीची जाडी किती ठेवली होती तेवढं कळवा.