जालन्याच्या हापशाने मला युगांडात पोचवलं

जालना जिल्ह्यात पाणीपुरवठ्याच्या कामावर काही वर्षं काढल्यावर मी संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात, म्हणजे यूएनव्हीत, अर्ज केला. नाव स्वयंसेवक असलं तरी दरमहा निर्वाह भत्ता मिळतो. स्पेशालिस्ट गटासाठी वय किमान 27 आणि कामाचा 3 वर्षांचा अनुभव हवा. अर्ज ऑनलाइन आणि मोफत. यूएनमध्ये चिकटवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर त्याच्या नादी लागू नका.

जागा होती उत्तर युगांडात, बिडीबिडीला. दक्षिण सुदानमधल्या लढाईतून जीव वाचवून आलेल्यांची ही वसाहत 2016 साली उभी राहिली. आज तिथे दोन लाखांच्या आसपास माणसं आहेत. युगांडा निर्वासितांना कुंपणाआड कोंडत नाही, घर बांधायला आणि थोडंफार पिकवायला जमीन देतो. म्हणजे पाण्याची सोयही कायमचीच हवी. टँकरची वाट बघणारं गाव कसं असतं, हे मला वेगळं शिकायचं नव्हतं.

मुलाखतीत विचारलं, 'बंद पडलेली सोय लोकांनी पुन्हा सुरू करावी म्हणून तुम्ही स्वतः काय केलंत?' मी बदनापूर तालुक्यातला एक हापसा सांगितला. दांडा, साखळी ठीक. पण कितीतरी वेळ हापसलं तेव्हा कुठे धार लागायची. आतलं वायसर झिजलं होतं. गावातल्या बायकांनी घरटी वर्गणी काढली, दोघी पाना धरायला शिकल्या. एवढं सांगितल्यावर समोरच्या बाईंनी थेट इंडिया मार्क टू आणि थ्री या हापशांमधला फरक विचारला, कारण युगांडात तोच पंप यू-टू, यू-थ्री म्हणून चालतो! टूचं वायसर बदलायला सगळे पाइप उपसावे लागतात. थ्रीचा पाइप रुंद, दट्ट्या त्यातूनच वर येतो. आपलं गावाकडचं काम अर्जात दोन ओळींत उरकू नका. तीच तुमची खरी पात्रता आहे, ती तपशिलाने लिहा.

निवडीनंतर वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला, बीसेफ हा ऑनलाइन सुरक्षा कोर्स. पिवळ्या तापाची लस मात्र सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला 10 दिवसांनी लागू होतो, म्हणून तारीख आधीच घ्या.

तिथे गेल्यावर नवं शिकायला मिळालं ते पाण्याबद्दल. भूजल आम्लधर्मी असेल तिथे जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी पाइप आतून गंजतात, पाणी तांबूस येतं आणि बायका पुन्हा ओढ्याकडे वळतात. तिथे स्टेनलेस स्टीलचे किंवा पीव्हीसीचे पाइपच घालावे लागतात.