कोणी नाही, पण बसायचं नाही

रविवार, रात्र.

सकाळी सिनेगॉगमध्ये, आमच्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, वन्संच्या नातवाची सुंता निर्विघ्न पार पडली. बाळ रडायला हवे तेवढेच रडले आणि द्राक्षरसाचे बोट चोखून गप्प झाले. वन्संच्या डोळ्यांना लागलेली धार मात्र जेवणाच्या पंगती बसेपर्यंत थांबली नाही. मला दिवसभर दुसरेच काही कुरतडत आहे. विधी सुरू होण्याआधी फोटोग्राफरबरोबर आलेला मुलगा लेन्स बदलण्यासाठी म्हणून एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या, मखमलीने सजवलेल्या खुर्चीवर टेकला, आणि मी "अरे, ऊठ तिथून" असे इतक्या मोठ्याने ओरडले की बायकांच्या बाजूच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तो दचकून उभा राहिला आणि त्याने अगदी सभ्यपणे विचारले, "सॉरी मावशी, कोणी येणार आहे का?" मी म्हणाले, "कोणी नाही येणार. पण तिथे बसायचं नाही."

त्याला ते पटले. निरनिराळ्या धर्मांच्या कार्यांत फिरणाऱ्या त्या मुलाला न बसायची एखादी जागा सगळीकडेच भेटत असावी. मला मात्र ते पटत नाही. खरे उत्तर सोपे होते आणि ते मला लहानपणापासून पाठ आहे. एलियाहू प्रत्येक सुंतेला हजर असतो, म्हणून ती खुर्ची त्याच्यासाठी मांडलेली असते, आणि एक दिवस तोच माशियाह, म्हणजे आमचा तारणहार, येत असल्याची वर्दी घेऊन येणार आहे. हे सांगायला अर्धे मिनिट लागले असते. त्याऐवजी "कोणी नाही" हे दोन शब्द इतक्या चटकन बाहेर पडले, जणू ते वर्षानुवर्षे जिभेच्या टोकाशीच बसले होते.

मी रोज सकाळी उभे राहून अमिदा ही आमची मुख्य प्रार्थना म्हणते. तिच्यातल्या 15 व्या आशीर्वादात दावीदाचा अंकुर, म्हणजे माशियाह, लवकर फुलू दे अशी विनवणी आहे, आणि लगेच पुढे, तुझ्या तारणाची आम्ही दिवसभर आशा धरून आहोत, असे आहे. दिवसभर! मी ते म्हणत असताना माझा एक कान कुकरच्या शिट्टीकडे असतो. मध्ययुगातला आमचा थोर धर्मपंडित रामबाम याच्या श्रद्धेच्या 13 तत्त्वांपैकी 12 वे तत्त्व हेच सांगते की त्याला उशीर झाला तरीही मी रोज त्याची वाट पाहीन, आणि आपल्या धर्मसंहितेत तर रामबाम याहून कठोर आहे. माशियाहवर विश्वास न ठेवणारा आणि त्याच्या येण्याची वाट न पाहणारा, या दोघांनाही तो एकाच रांगेत, तोरा हा आमचा धर्मग्रंथ नाकारणाऱ्यांच्या रांगेत, उभे करतो. त्यातला पहिला दोष माझ्यात नाही. कोणी विचारले तर मी शपथेवर सांगेन की तो येणार आहे. दुसऱ्या दोषाचे काय करायचे, हे आज रात्री मला सुचत नाही. तलमूद या आमच्या धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात रावा नावाच्या पंडिताने सांगितले आहे की मेल्यावर माणसाला जे प्रश्न विचारले जातात, त्यांत पहिला असतो व्यवहार सचोटीने केलास का, आणि पुढे असतो तारणाची वाट पाहिलीस का. पहिल्या प्रश्नाला मी मान वर करून उत्तर देईन.

वाट पाहणे म्हणजे काय हे मला ठाऊक नाही, असेही नाही. शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपल्यावर आम्ही दोघेच त्याला निरोप देण्याचा विधी, हवदाला, करतो, वातीची मेणबत्ती द्राक्षरसात विझवतो, एलियाहू हन्नबीचे गाणे म्हणतो, आणि मग मी फोन समोर घेऊन बसते, कारण फोन यायचा असतो इस्राएलमधल्या अश्दोदहून, आणि तिथे तारे दिसून शब्बाथ संपायला इथल्यापेक्षा सुमारे अडीच तास उशीर असतो. त्या अडीच तासांत मी भांडी घासते, कपड्यांच्या घड्या घालते, आणि एकदाही फोनकडे पाठ करत नाही. आलाच नाही तर कोणाला काही बोलत नाही. ती वाट खरी असते. माझ्यातले सगळे वाट पाहणे त्या एका आवाजावर खर्च होत असेल, तर माशियाहसाठी उरणार तरी काय? आम्हीही तेव्हाच इस्राएलला जायला हवे होते असे जे लोक म्हणतात, त्यांना मी आता उत्तर देत नाही. तो विषय इथे नको.

तलमूदमधली रब्बी, म्हणजे धर्मगुरू, येहोशुआ बेन लेवीची कथा आज पुन्हा काढून वाचली. एलियाहूने त्याला सांगितले की माशियाह रोमच्या वेशीशी, जखमांनी पिडलेल्या गोरगरिबांत बसलेला आहे. बाकीचे सगळे आपल्या जखमांच्या पट्ट्या एकदम सोडतात आणि एकदम बांधतात. तो मात्र एकच पट्टी सोडतो, ती बांधतो, आणि मगच दुसरीला हात लावतो, कारण बोलावणे आले तर क्षणाचाही खोळंबा होऊ नये. रब्बीने जाऊन विचारले, स्वामी कधी येणार? तो म्हणाला, आज. दिवस मावळला तरी तो आला नाही, तेव्हा रब्बीने एलियाहूकडे खोटेपणाची तक्रार केली, आणि एलियाहूने त्याला स्तोत्रातली ओळ पुरी करून दाखवली: आज, जर तुम्ही त्याचा शब्द ऐकाल तर. लोक या "जर"वर प्रवचने देतात. मला मात्र त्या पट्ट्याच दिसत राहिल्या. ज्याची वाट पाहायची, तोच आमच्यापेक्षा अधिक नेमाने वाट पाहत बसला आहे. हे वाचून धीर येण्याऐवजी मला आणखीच लाज वाटली.

एक मात्र खरे, की वाट पाहण्याचा अतिरेकही आमच्या लोकांनी करून पाहिला आहे. शब्बताई झ्वी नावाच्या ज्यूने 1665 मध्ये स्वतःला माशियाह म्हणवून घेतले तेव्हा युरोपातल्या कित्येक घरांत बांधाबांध सुरू झाली होती. ग्लिकल नावाच्या बाईने आपल्या आठवणींत लिहिले आहे की तिच्या सासऱ्यांनी कापडचोपड, वाटाणे, सुके मांस असे टिकाऊ जिन्नस पिंपांत भरून हॅम्बर्गला तिच्या घरी पाठवून ठेवले होते, म्हणजे बोलावणे येताच तिथूनच निघता यावे. 1666 च्या सप्टेंबरात शब्बताईने तुर्की सुलतानापुढे धर्म बदलून इस्लाम स्वीकारला, आणि पिंपे मात्र सुनेच्या घरात तशीच राहिली. इतिहासकार शब्बताईबद्दल लिहितात. मला मात्र त्या वाटाण्यांना कीड लागली का हे बघणाऱ्या बाईबद्दल वाटते. शेवटाचा दिवस मोजत बसणाऱ्यांना तलमूदने शाप दिला आहे, तो अगदीच अकारण नसावा.

दुपारी हे सगळे मी यांच्यापुढे मांडले. हे म्हणाले, "पण बसायचं नाही, हेही तूच म्हणालीस ना? मग झालं की." आणि पुन्हा पेपरात शिरले. मला तो वकिली बचाव वाटला, आणि अजूनही वाटतो. तरीही संध्याकाळी पोहे निवडताना एक गोष्ट ध्यानात आली, ती लिहून ठेवते. आम्हा कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंकडे एलियाहू हा मुळात येणारा नाहीच, तो येऊन गेलेला आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्याच्या रथाच्या खुणा दगडावर आहेत, तिथूनच तो स्वर्गात गेला असे आजी सांगायची, आणि शेवाट या हिब्रू महिन्यातल्या पौर्णिमेला त्याचा उरूस भरतो. शेमा ही एकेश्वराची प्रार्थना, शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तग धरलेल्या आमच्या पूर्वजांनी त्याला नवस बोलले, नवस फिटले की पोहे-नारळाचा मलिदा केला, आणि पुढे प्रार्थनेची पुस्तके व शिकवणारे आल्यावर त्याच एलियाहूच्या हाती माशियाहची वर्दी दिली. आजी मलिद्याचे ताट पुढे ठेवायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर वाट पाहण्याचा भाव नसायचा, घरच्या माणसाला वाढण्याचा असायचा. माझे "कोणी नाही" तिच्याकडून आलेले असेल, तर ती नास्तिकता नाही, निव्वळ सलगी आहे. नसेल, तर रामबामची रांग आहेच. दोन्हींपैकी कोणते हे मला ठरवता येत नाही, आणि ठरवायला बसले की पोह्यांतले खडे राहून जातात.

भाऊजींच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर उद्यापर्यंत द्यायचा आहे आणि तो नेहमीप्रमाणे माझ्याच गळ्यात पडला आहे. युक्रेनमधल्या बर्दिचेव गावच्या रब्बी लेवी यित्सहाकबद्दल असे सांगतात की घरच्या लग्नाच्या करारात "विवाह बर्दिचेव येथे होईल" असे लिहिलेले पाहून त्याने तो कागद फाडला आणि नवा लिहवून घेतला: विवाह यरुशलेममध्ये होईल, तोपर्यंत माशियाह आला नसल्यास बर्दिचेव येथे. मीही कच्च्या मसुद्यात तसेच लिहिले आहे, फक्त बर्दिचेवच्या जागी ठाण्याचा हॉल घातला आहे. भाऊजी ते खोडणार. हॉलचे आगाऊ पैसे भरून झाले आहेत, ते यरुशलेमहून परत मिळणार आहेत का, असे विचारणार. मी ओळ काढणार नाही. फार तर ती बारीक टायपात घ्या म्हणेन.