विरळ केस आणि ऊन: माझा अनुभव

पूर्ण टक्कल असलेल्यांचं एक बरं असतं. लोशन घेतलं, डोक्याला चोपडलं, मोकळे झाले. दाट केसवाल्यांना तर काही करावंच लागत नाही. पंचाईत आमची, मधल्यांची. माथ्यावरची कातडी दिसण्याइतके केस विरळ, पण लोशन सरळ कातडीवर बसेल इतकेही कमी नाहीत.

ऊन लागलंय हे मला आंघोळीच्या वेळी कळायचं. कोमट पाण्यानेही टाळू चरचरायची, कंगवा टेकवू द्यायची नाही. उन्हात असताना काही जाणवत नाही. त्रास काही तासांनी सुरू होतो आणि १२ ते २४ तासांत शिगेला पोचतो. पुढे पापुद्रे सुटले की बघणाऱ्याला तो कोंडा वाटतो. मला तर कोंड्याचे शाम्पूही सुचवून झाले!

सनस्क्रीनचे प्रकार एकेक करून पाहिले. नेहमीच्या क्रीमने केस चिकटून झुबके झाले आणि मधली कातडी आणखीच उघडी पडली. झिंक ऑक्साइडवाल्याने भांगात पांढरी रेघ उमटली. स्प्रे निम्मा केसांवरच राहतो, शिवाय नाकातोंडात जातो. पावडर दिसायला छान, पण थर पुरेसा बसला की नाही याचा पत्ता लागत नाही. शेवटी जमलं ते एसपीएफ ५० चं पातळ, पाण्यासारखं सनस्क्रीन. केस कोरडे हवेत. शेपटीच्या कंगव्याने भांग पाडायचा, त्यात थेंब सोडायचे, बोटाच्या टोकाने थोपटायचं, चोळायचं नाही. मग बोटभर सरकून पुढचा भांग, असं मागे शेंडीच्या जागेपर्यंत. बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटं हे उरकलं की ते वाळतं आणि केस तेलकट दिसत नाहीत.

पण दर दोन तासांनी ते पुन्हा लावायचं असतं, घाम आला तर त्याआधीच. भर रस्त्यात कंगवा घेऊन कोण भांग पाडत बसणार? म्हणून माझा खरा भरवसा टोपीवर, सनस्क्रीन जोडीला.

टोपी घ्यायची तर आधी उजेडाकडे धरून बघावी. विणीतून उजेड झिरपत असेल तर ऊनही झिरपणार. जाळीच्या टोपीला हवा छान लागते, पण माथ्याला संरक्षण जवळपास नाही. क्रिकेटच्या कॅपला मागे पट्ट्याच्या वर जी अर्धगोल फट असते, तिच्यातून माझी कातडी बरोबर तेवढ्याच आकारात लाल व्हायची. कान आणि मान उघडी राहते ती वेगळीच. आता सगळीकडून सात-आठ सेंटिमीटर काठाची, घट्ट विणीची टोपी वापरतो. कापडावर यूपीएफ ५० लिहिलेलं असेल तर अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत येतो. टोपीने केस गळतात ही भीती मलाही घालून झाली. पुरुषांचं नेहमीचं टक्कल आनुवंशिकतेने आणि हार्मोन्समुळे पडतं, टोपीचा त्यात हात नाही.

मिनॉक्सिडिल हे केस वाढवण्याचं औषध टाळूला लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: भाजलेल्या टाळूवर ते लावू नये. आग होते ती होतेच, औषधही जास्त शोषलं जातं. कातडी पूर्ववत होईपर्यंत मी थांबलो. तोवर गार पाणी, सौम्य शाम्पू, आणि पापुद्रे न ओढणं. शेवटचं सगळ्यात अवघड, हात आपोआप तिकडेच जातो.

एक खरखरीत ठिपका मात्र सगळं सोलून झाल्यावरही राहिला. दिसत नव्हता, बोटाला पॉलिश पेपरसारखा लागायचा. त्वचारोगतज्ज्ञांनी भिंगाने पाहिलं. माझं काही विशेष नव्हतं. पण वर्षानुवर्षांच्या उन्हाने टाळूवर असे न जाणारे खडबडीत चट्टे येतात आणि त्यातल्या काहींचा पुढे कर्करोग होऊ शकतो, असं त्यांनी सांगितलं. रक्त येणारी किंवा आठवडे उलटूनही न भरणारी जखम तर लगेच दाखवायची. आपला माथा आपल्याला दिसत नाही, म्हणून आता अधूनमधून घरच्यांकडून फोनवर फोटो काढून घेतो आणि मागच्या फोटोशी ताडून बघतो.

ढगाळ दिवशीही टोपी सोडत नाही, कारण पातळ ढगांतून बरेचसे अतिनील किरण खाली येतात. पोहताना मात्र तिचा उपयोग नाही, आणि पाण्यात टिकणाऱ्या सनस्क्रीनवरही बऱ्याचदा ४० किंवा ८० मिनिटांचीच मुदत छापलेली असते. त्यामुळे पोहायला जातो तो ऊन उतरल्यावरच.