बेड्या नसलेल्या नायिकेची रहस्यकथा लिहिताना

पोलिसी रहस्यकथा म्हटली की शेवटी कुणाच्या तरी हातात बेड्या पडणार, हे वाचक धरूनच चालतो. माझ्या कादंबरीतल्या दोघी पोलीस बायकांना मात्र साधी अटकही करता येत नाही. ही काही मी मुद्दाम घातलेली अट नाही. 1919 मध्ये लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी सोफिया स्टॅन्ली यांच्या देखरेखीखाली महिलांची गस्त सुरू केली. सुमारे शंभर बायकांना गणवेश मिळाला, जड बूट मिळाले, पण कॉन्स्टेबलची शपथ काही दिली नाही, आणि शपथ नाही म्हणून अटकेचा अधिकारही नाही. त्या जोडीजोडीने फिरायच्या आणि थोडं अंतर राखून त्यांच्या मागे दोन पुरुष शिपाई चालायचे. राखण म्हणायची की पाळत, ते ज्याने त्याने ठरवावं.

मी नोकरीमुळे लंडनजवळ राहते, म्हणून मूळ कागद बघायला तिथल्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी दफ्तरखान्यात, जाणं जमलं. तिथे वाचक-कार्ड काढावं लागतं. आधी ऑनलाइन नोंदणी, मग ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा घेऊन स्वतः हजर व्हायचं. बॅग लॉकरमध्ये. आत पारदर्शक पिशवीतून वही आणि पेन्सिल न्यायची. पेन चालत नाही, खोडरबरसुद्धा नाही. फोटो मात्र काढू देतात, आणि ते काढून घरी निवांत वाचावेत हे माझं मत. पोलीस आयुक्तांच्या कचेरीचा पत्रव्यवहार ‘मेपो 2’ या मालिकेत आहे. फाइल उघडली आणि मंत्रालयातली टिपणी वाचत असल्यासारखं वाटलं. खालच्याने मांडायचं, वरच्याने शेरा मारायचा, त्याच्या वरच्याने नुसती सही ठोकायची. शिवीगाळ कुठेच नाही. सगळं अत्यंत सभ्य भाषेत चाललेलं.

माझ्या कादंबरीची दिशा तिथे ठरली. त्याआधी मी बायकांना टोमणे मारणारा एक मिशाळ सार्जंट रंगवून ठेवला होता. तो काढून टाकला. त्याच्या जागी एक सज्जन, मृदू बोलणारा इन्स्पेक्टर आला. तो बाईला खुर्ची देतो, तिचं सगळं ऐकून घेतो आणि अहवालावर मागच्या शिपायाचं नाव घालतो.

कथानकाचं गाडं मात्र कायद्यापाशी अडलं. गुन्हा होऊन गेला असल्याचा रास्त संशय आला की कॉन्स्टेबल अटक करू शकत असे, पुढे गुन्हा घडलाच नव्हता असं निघालं तरी. सामान्य नागरिकालाही गंभीर गुन्ह्यात कुणाला धरता यायचं, पण गुन्हा खरोखर घडलेला असेल तरच. नसेल तर खटला धरणाऱ्यावरच उलटायचा. माझी नायिका कायद्याने या दुसऱ्या रांगेत. प्रेत सापडलेलं नाही, खुनी समोरून ट्रामकडे चाललाय आणि हिने दंड धरायचा की नाही? या प्रसंगाला मी पिस्तूल-पाठलागाहून जास्त पानं दिली आहेत.

1922 मध्ये सरकारी खर्चाला कात्री लावणाऱ्या गेडिस समितीने हे पथकच मोडीत काढायला सांगितलं. बायका करतात ते समाजकल्याण, पोलिसी काम नव्हे, असा युक्तिवाद होता. नॅन्सी ॲस्टर आणि मार्गारेट विंट्रिंगहॅम या दोघी खासदार संसदेत भांडल्या, तेव्हा कुठे वीसेक जणी उरल्या. स्टॅन्लीबाईंची नोकरी गेलीच. उरलेल्यांना 1923 मध्ये शपथ मिळाली आणि शपथेबरोबर अटकेचा अधिकार. लग्न केलं की नोकरी सोडायची, हा नियम मात्र 1946 पर्यंत टिकला.

शेवटचा भाग 1928 मध्ये घडतो, कारण सॅव्हिज प्रकरण मला सोडवेना. आयरिन सॅव्हिज ही तरुणी आणि माजी खासदार सर लिओ मनी यांना हाइड पार्कमध्ये असभ्य वर्तनाच्या आरोपाखाली पकडलं होतं. कोर्टाने आरोप फेटाळले. मग पोलिसांनीच खोटी साक्ष दिली का, याची चौकशी लागली आणि तिला कामावरून गाडीत घालून स्कॉटलंड यार्डला आणलं. सोबत लिलियन वाइल्स होत्या, गुन्हे शाखेतल्या पहिल्या महिला अधिकारी. बायकांचे जबाब नोंदवणं हे तर त्यांचं रोजचं काम. तरीही चौकशी सुरू व्हायच्या आधी त्यांना घरी जायला सांगण्यात आलं आणि दोन पुरुष अधिकारी त्या मुलीला काही तास प्रश्न विचारत राहिले. प्रकरण संसदेत गाजलं, चौकशी न्यायाधिकरण बसलं. मी खरी माणसं कादंबरीत आणली नाहीत, पण दाराबाहेर काढलेली बाई मात्र घेतली.

ज्या संपादकांकडे हे लिखाण पाठवलं त्यांना नायिका ‘जरा दबंग’ हवी होती, निदान एक थप्पड तरी. त्यांना नम्रपणे नाही म्हटलं.

खरी तपासणी केली माझ्या आत्याने. ती निवृत्त महिला हवालदार. उभा जन्म मोर्चे, गणपती आणि निवडणुकांच्या बंदोबस्तात गेला. मसुदा वाचून फोनवर म्हणाली, “अगं, खून-बिन ठीक आहे. पण आठ-आठ तास गस्त घालणाऱ्या या बायका जायच्या कुठे? आम्ही बंदोबस्ताला सकाळपासून पाणीच प्यायचो नाही.”

या प्रश्नाने चौथं प्रकरण बदललं. त्या काळच्या लंडनमध्ये पुरुषांना रस्त्यावरच्या मुताऱ्या फुकट होत्या, बायकांना संडासाच्या दाराच्या खाचेत पेनी टाकावी लागे. त्यामुळे माझ्या दोघी सुटी नाणी रुमालात बांधून निघतात, दूर असलेलं रेल्वे स्टेशन गाठतात, आणि मागचे शिपाई बाहेर घड्याळ बघत उभे असतानाच त्यांना पहिला धागा सापडतो.

आत्याला हे पसंत पडलं. फक्त खुनी कोण ते तिने सहाव्या प्रकरणातच ओळखलं, त्यामुळे पुढची दोन प्रकरणं सध्या पुन्हा लिहिते आहे.