तुम्ही विचारलंत म्हणून: साउंडचा विचार कधी करायचा?

ठाण्यातली शॉर्ट फिल्म करणारी कॉलेजची मुलं रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, घेऊन माझ्याकडे येतात आणि हमखास विचारतात, "ताई, साउंडचं काम कधी सुरू करायचं? पिक्चर लॉक झाल्यावर ना?" म्हणजे चित्राचं एडिट पक्कं झाल्यावर. माझं उत्तर दर वेळी तेच असतं: शॉट डिव्हिजनच्या, म्हणजे प्रसंग कुठल्या कुठल्या शॉटमध्ये घ्यायचा हे ठरवण्याच्या, आधी. "साउंड पोस्टमध्ये बघू" (म्हणजे शूटिंगनंतरच्या कामात) हे वाक्य सेटवर कानावर पडलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण तोवर अर्धी फिल्म हातातून गेलेली असते.

नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत केलेला प्रसंग सांगते. रात्र झालीय, मुलगा अजून घरी आलेला नाही, आई तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलीय. संवाद एकही नाही. मुलांच्या शॉट डिव्हिजनमध्ये घड्याळ होतं, खिडकी होती, मोबाइलची स्क्रीन होती आणि लिफ्टचे पाच शॉट होते. मी म्हटलं, कॅमेरा राहू दे. रात्री दहाला इथे दिवे घालवून पंधरा मिनिटं नुसते बसा आणि काय ऐकू येतं ते लिहून काढा.

लांबून लोकलचा हॉर्न आला, कुणाकडे तरी कुकरची शिट्टी झाली. पण सगळ्यांच्या वहीत ठळक नोंद होती ती लिफ्टची. ओढायच्या जाळीची जुनी लिफ्ट. खाली जाळी खडाक् लागते, मग घरघर सुरू होते. तिसऱ्या मजल्यावर यायला 19 सेकंद. त्या घरात जन्म काढलेल्या बाईला ते मोजावे लागत नाहीत, तिच्या कानात ते बसलेले असतात.

प्रसंग तिथेच बांधला गेला. पहिल्यांदा लिफ्ट 11 सेकंदांतच थांबते, म्हणजे दुसरा मजला. दुसऱ्यांदा ती तिसऱ्यावरून न थांबता वर निघून जाते. तिसऱ्यांदा बरोबर 19 सेकंदांनी थांबते, जाळी उघडते, आणि शेजारच्या दारात किल्ली फिरते. कुठला शॉट किती लांब, यावर मग वादच झाला नाही. लिफ्ट मात्र आम्ही एकदाही दाखवली नाही. पहिल्या वेळी आईचा चेहरा, दुसऱ्या वेळी नुसते तिचे हात, तिसऱ्या वेळी बंद दार.

लिफ्टचा आवाज मुलांनी आधी लिफ्टमध्येच उभं राहून घेतला होता. स्वच्छ, दणदणीत आणि साफ खोटा. आई तो बंद दाराआडून ऐकते, तर रेकॉर्डरही ओट्यावरच हवा. पुन्हा घेतला. एडिटला बसल्यावर आणखी एक गोष्ट खुपली. खडाक् आणि हात थांबणं एकाच फ्रेमवर पडत होतं, त्यामुळे कुणीतरी बाजूने "थांबा" म्हटल्यासारखं दिसत होतं. आवाज 6 फ्रेम आधी सरकवला. सेकंदाला 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर हा पाव सेकंदही होत नाही, पण तेवढ्याने तिने ऐकलंय हे दिसायला लागलं. शेवटाला ‘J-कट’ आहे, म्हणजे पुढच्या शॉटचा आवाज त्याच्या चित्राआधी येतो: चित्रात अजून मेथीची जुडी, आणि पुढच्या शॉटच्या आधीच जिन्यात चपला वाजू लागतात. मुलगा जिन्याने येतो. इतका वेळ लिफ्टकडे लागलेले आपले कान तिथे एकदम वळतात, आणि ते मला आजही फार आवडतं.

चूकही झाली. रात्रीचा प्रसंग एप्रिलच्या दुपारी पडदे ओढून शूट केला, आणि बाहेर कोकीळ. त्याची तान चढत जाते. मध्ये कट मारला की ती तुटते आणि कट उघडा पडतो. दोन चांगले टेक त्यापायी गेले. शिवाय फ्रिज कधी चालू, कधी बंद, म्हणून प्रत्येक कटला मागची घरघर बदलायची. कटांखाली सलग पसरायला लागणारा रूम टोन, म्हणजे त्या खोलीच्या शांततेचा आवाज, घेतलाच नव्हता. निघण्यापूर्वी सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहून एक मिनिट घ्यायचा असतो, तेवढ्यासाठी आम्हाला पुन्हा त्या घरी जावं लागलं.

आता फ्रिज बंद केला की मी स्कूटरची किल्ली आत ठेवायला लावते. किल्लीसाठी दार उघडल्याशिवाय कुणी घरी जाऊ शकत नाही, आणि ज्यांनी स्वयंपाकघर दिलं त्यांचं दूध नासत नाही.