नावात २६ फूट, रस्त्यावर साडेएकोणतीस

गाडीमागे जोडून न्यायचा, आत राहायची सोय असलेला ट्रेलर विकत घेताना सगळेच आधी आत जाऊन पलंगावर बसतात. आम्हीही बसलो. बाहेर येऊन टेप लावायचं सुचलं नाही आणि नऊ दिवसांच्या सहलीची सगळी रड तिथून सुरू झाली.

मॉडेलच्या नावात २६ होते, म्हणून मी २६ फूट धरून चाललो. पण ते होतं फक्त खोक्याचं माप. पुढचा हिचपर्यंतचा, म्हणजे गाडीला जोडायच्या आकड्यापर्यंतचा, त्रिकोण आणि मागचा बंपर धरून भरले साडेएकोणतीस. हे कळलं कधी, तर पहिल्या रात्री, मुक्कामाच्या ३० फुटांच्या जागेत ट्रेलर कसाबसा घुसवल्यावर गाडी लावायला जागाच उरली नाही तेव्हा.

चौथ्या दिवशी घाट उतरत होतो. दरीकडून आडवा वारा होता, मागून एक मोठा ट्रक पुढे निघाला. आधी त्याच्या हवेने ट्रेलर बाहेर ढकलला, मग आत ओढला, आणि शेपूट डोलायला लागलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा गाडीचं मागचं टोकही बरोबर हललं. बायको एक शब्द बोलली नाही, यावरून काय ते समजा. अशा वेळी वेग वाढवला की ट्रेलर सरळ होतो असं सांगणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, गाडीचा ब्रेक करकचून मारू नका, आणि ब्रेक कंट्रोलरवरून, म्हणजे ड्रायव्हरजवळच्या ट्रेलर-ब्रेकच्या डबीवरून, फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने हळूच लावा. त्या कंट्रोलरचा खटका अंधारातही सापडला पाहिजे. मला तो शोधावा लागला.

खाली उतरल्यावर पहिला वजनकाटा दिसला तिथे थांबलो. विकणारा म्हणाला होता, 'तुमची गाडी आरामात ओढेल.' ओढायची क्षमता ३,४०० किलो, रिकामा ट्रेलर २,३००, मग चिंता कसली! काट्यावर भरला २,९००. पाणी, बॅटरी, गॅसचे सिलिंडर, खुर्च्या, सगळं वजनच असतं. १५० लिटरची टाकी भरली की तिथेच १५० किलो झाले. एकूण २,९०० पैकी साधारण ३७० किलो हिचवर, म्हणजे गाडीच्या पाठीवर. त्यात आम्ही दोघं, सामान आणि खुद्द हिच मिळवली तर ६४०. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली, गाडीने अंगावर पेलायची मर्यादा ५६०. ओढायची ताकद होती, पेलायची नव्हती. आधी तो स्टिकर वाचा, विकणाऱ्याचं नंतर ऐका.

भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर हवा. ट्रेलर डोलतोय म्हणून सामान मागे सरकवणं हा मूर्खपणा आहे, त्याने डोलणं वाढतं. वजन विभागणारी, म्हणजे थोडा भार गाडीच्या पुढच्या चाकांवर नेणारी, हिच घ्याच, पण तिने गाडीची मर्यादा वाढत नाही.

लांबीसाठी एक जुना ठोकताळा आहे: गाडीच्या ११० इंच व्हीलबेसला (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २० फुटांचा ट्रेलर, पुढे दर ४ इंचांना एक फूट. माझ्या गाडीचा व्हीलबेस ११६ इंच, म्हणजे साडेएकवीस फूट. मी आठ फूट जास्तीचे मागे बांधून घाट उतरलो. हा काही कायदा नाही, ओढणारा जड ट्रक असेल तर थोडी सूट घ्या. मी तरी यापुढे घेणार नाही.

तळ्याकाठचे तीन दिवस छान गेले. पेट्रोलपंपावर मात्र वळताना मागचं टोक उलट्या बाजूला फिरतं, खांबांपासून जपा. रिव्हर्सला उगीच घाबरू नका. स्टिअरिंग खालून धरा, हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलरची शेपटी जाते. लहान ट्रेलर चटकन वाकडा होतो, उलट लांब तितका सोपा. त्याचा मला दिसलेला हा एकच फायदा.

आता २१ फुटांचा शोधतोय. त्यात पलंग कोपऱ्यात असतो, आतल्या बाजूच्याला दुसऱ्याच्या अंगावरून उतरावं लागतं. आत कोण झोपणार हे अजून ठरलेलं नाही.